दोन टोकांचं गेज

"म्हणजे तू अंदाजच लावून राहिली ना?" आमच्या सदर भागातल्या हॉटेलात बाबांनी मित्रांसमोर विचारलं. त्या सगळ्यांनी जन्मभर संरक्षण कारखान्यात सुटे भाग तपासलेले. मी अणुकेंद्रकाचं गणित करते. तिथे प्रत्येक कण बाकी सगळ्यांना ओढतो. ते नेमकं सुटत नाही, म्हणून मी सगळ्यांची मिळून सरासरी ओढ धरते आणि उत्तर स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडते.

मित्र हसले. माझं डोकं फिरलं.

"बाबा, भोकाचं माप तपासायच्या तुमच्या गेजला दोन टोकं काहून असतात? एक भोकात शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. मधल्या मापाचं सगळं तुम्ही पास करता. मीही आधीच्या आणि नंतरच्या उत्तरात किती फरक चालेल ते आधीच ठरवते. हा अंदाज असेल, तर तुम्ही पास केलेले सगळे भाग परत मागवा."