भिंतीकडची बाजू

कॅमेरा घेतला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि स्वतःला लई शहाणा समजत होतो. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात माझी नोकरी. दिवसभर सुट्या भागांतल्या चुका शोधायच्या, लाल खूण मारायची आणि बाजूला फेकायचं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची इतकी सवय लागलेली, की फोटो काढण्यात काय एवढं अवघड, असं वाटायचं. पहिल्या दोन महिन्यांतले माझे फोटो आता बघवत नाहीत. माणसांच्या डोक्यातून विजेचे खांब उगवलेले, चेहरे काळेठिक्कर, आभाळ पांढरंफटक.

म्हणून उस्मानपुऱ्यात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर रविवारचा क्लास लावला. सर पूर्वी लग्नांचे फोटो काढायचे. शिकवायचे चांगलं, त्यात वाद नाही. एकदा फर्दापूरला मुक्काम करून आम्हाला लेण्यांत घेऊन गेले. तिथं फ्लॅश चालत नाही, तर अंधारात हात कसा स्थिर ठेवायचा, कोपरं बरगड्यांना कशी टेकवायची, श्वास अर्धा सोडून बटण कसं दाबायचं, सगळं त्यांनी शिकवलं. पण रविवारच्या शेवटच्या तासाला ‘पोस्टमॉर्टेम’ असायचं. एकेकाचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवायचा. ज्याचा फोटो त्यानं गप्प उभं राहायचं आणि बाकीच्यांनी फाडायचं. बँकेतल्या एका बाईंनी नातवाचा फोटो आणला होता. सर म्हणाले, “बच्चा है के बटाटा?” बाई रडल्या. मी पोट धरून हसलो, आणि वर म्हणालो, “सर, बटाट्याला निदान डोळे तरी असतात.” त्या बाई परत आल्या नाहीत.

मग माझी पाळी आली.

माझ्याकडं फोटो होते ते अक्काचे. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षांची असताना स्टोव्हचा भडका उडाला आणि तिचा डावा गाल, कान, मान भाजली. ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून ती घरात ब्लाउज शिवते. तिनं मशीन अशी मांडलीय की डावा हात भिंतीला येतो. दारातून कुणीही आलं तरी त्याला तिची उजवी बाजूच दिसते. बाहेर जाताना तोंडाला स्कार्फ. आमच्या गावात मार्चपासून झाडून सगळ्या बायका गाडीवर तोंड बांधून फिरतात. अक्काला उन्हाळा आवडतो, कारण तेवढे तीन महिने तिच्याकडं कुणी वळून बघत नाही.

मी तिला म्हणालो, “अक्का, मला सरावाला माणूस पाहिजे. बसशील का?”

ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, “काढ किती बी. पण हिकडून. तिकडून एक बी नाय. आईची शपथ घे.”

मी घेतली. एका झटक्यात घेतली, जशी लहानपणी खोटं बोलताना घ्यायचो तशी.

चार महिने मी तिचे फोटो काढले. खिडकीचा उजेड काय असतो हे मला तिच्या उजव्या गालावर कळलं. पांढरा परकर दोरीवर टाकला की उजेड मऊ होतो, मागचा पसारा हलवला की चेहरा पुढं येतो, फोकस डोळ्यावर धरायचा, नाकावर नाही. तीही शिकली. बटणाचा आवाज आला की विचारायची, “आला का?” मी दाखवला की लाजून म्हणायची, “व्हय की, बरी दिसते मी.” वीस वर्षांत तिनं स्वतःचा एकही फोटो पाहिला नव्हता.

ते फोटो सरांनी भिंतीवर लावले. एकामागून एक, सात. “ये बाई का आधा चेहरा किधर गया? गहाण ठेवलाय का?” सगळे खो खो हसले. सर म्हणाले, “घाबरट माणसाचे फोटो आहेत हे. फोकस बरोबर, उजेड बरोबर, आणि आत काही नाही. मुर्दा.” माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. मी सांगून टाकलं की तिची दुसरी बाजू भाजलेली आहे. वाटलं, आता तरी गप्प बसतील. सरांनी माझ्याकडं अशी मान वळवली की काय सांगू. म्हणाले, “आणि तू इतके दिवस तो चेहरा सोडून कोरी भिंत काढतोयस? येडा आहेस का?”

क्लासच्या शेवटी प्रदर्शन होतं. प्रत्येकाचा एक फोटो, सर निवडणार. ज्याचा पसंत पडणार नाही त्याची जागा भिंतीवर रिकामी, आणि खाली नाव मात्र लिहिलेलं. माझ्या नावावर मोकळी चौकट! नुसत्या विचारानं मला घाम फुटायचा.

कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो. एका दुपारी अक्का अस्तर घेऊन बाजारातून आली. आरशासमोर उभी राहून स्कार्फ सोडायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारामागं. कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास अर्धा सोडला. आरशात तिचा सगळा चेहरा आला. घामानं चमकणारी ती भाजलेली कातडी, ओढला गेलेला ओठ, आणि आपण एकटेच आहोत अशा भरवशाचे डोळे. मी अकरा वेळा बटण दाबलं. मग दोन पावलं मागं जाऊन विचारलं, “अक्का, चहा टाकू का?” तिनं स्कार्फ पटकन गालावर ओढला आणि हसून म्हणाली, “टाक की.”

रविवारी त्यातला एक फोटो भिंतीवर लागला आणि सरांनी तोच प्रदर्शनाला निवडला. माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला किती बरं वाटलं, हे सांगायची मला लाज वाटते, पण वाटलं.

अक्काला मी काही सांगितलं नाही. ती कुठं प्रदर्शनं बघायला जाते, असं मी स्वतःला समजावलं. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या फोटोपुढं चांगली गर्दी होती. एका गृहस्थांनी विचारलं, “इतक्या जवळून काढू कसं दिलं त्यांनी?” मी छाती काढून म्हणालो, “विश्वास. आधी माणसाचा विश्वास कमवावा लागतो. मग ते आपणहून चेहरा देतात.” मागं पाच-सहा बायका उभ्या होत्या, दोघी-तिघी स्कार्फ बांधलेल्या. त्यातली एक पुढं आली. फोटोच्या अगदी जवळ जाऊन तिनं बघितलं, सावकाश, डावीकडून उजवीकडं. मग वळून माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी तिचे डोळे ओळखले. शेजारची बाई चुकचुकत म्हणाली, “बिचारी गं, कशी जगत असेल!” अक्का तिला म्हणाली, “शिवणकाम करते.” आणि जिना उतरून गेली. तिच्या एका गिऱ्हाइकानं त्या फोटोचा फोटो तिला मोबाइलवर पाठवला होता.

मी घरी आलो तेव्हा ती मशीनपाशी होती. स्कार्फ नाही, पदर नाही. माझ्या तोंडातून “अक्का, मी...” एवढंच निघालं. मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडलो, खोटं सांगत नाही.

“रडू नको,” ती म्हणाली. “आईची शपथ घेतली व्हती तू. आता आईच नाय, तर तिला काय व्हनार, आसं वाटलं आसंल तुला.” तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता. तिनं स्टूल उचललं, खिडकीपाशी नेऊन ठेवलं आणि डावा गाल उजेडात धरून बसली. “आता काढ. सगळ्या गावानं बघितलं, मंग चोरून कशाला? चांगला काढ.”

“नको अक्का.”

“काढ म्हनते ना.”

मी पिशवीतून कॅमेरा काढला. कोपरं बरगड्यांना टेकवली. ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या डोळ्यांत माझ्याविषयी काहीच उरलेलं नव्हतं, रागसुद्धा नाही. मी फोकस धरला. ओठाच्या कडेला सावली पडत होती.

“हनुवटी जरा खिडकीकडं घे,” मी म्हणालो.

तिनं घेतली.