लाइन गेली त काय होईन?

विजेवर काडीचाही विश्वास नसलेला मेंटेनन्सवाला अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा! बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बुटीबोरीच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात जन्मभर फोरमन. कुठल्याही नव्या वस्तूपुढे हात मागे बांधून उभे राहतात आणि एकच प्रश्न टाकतात, "लाइन गेली त काय होईन?" पुतणीच्या सोयरिकीला मुलाकडचे आपल्या बटणावर उघडणाऱ्या गेटचं कौतुक सांगत होते, तिथंही यांनी हेच विचारलं. व्याह्यांच्या तोंडातला आलुबोंडा तोंडातच राहिला. माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर ते एकदाही लिफ्टनं आलेले नाहीत. गुडघे कुरकुरतात, उन्हाळ्यात दारात पोचल्यावर पाच मिनिटं शब्द फुटत नाही, आणि फुटला की पहिलं वाक्य हे, "तुमचा डब्बा मधातच थांबला त मले काढाले कोन येईन?" लोक हसतात. हसोत बापडे! मीही हसायचो.

कारखान्यात वाफेच्या मुख्य नळावर एक व्हॉल्व्ह होता आणि त्याची उघडझाप करणारा ॲक्चुएटर हवेवर चालायचा. कॉम्प्रेसरची हवा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवायची. वीज गेली की हवा सुटायची आणि आतली स्प्रिंग व्हॉल्व्ह आपोआप बंद करायची. साडभाऊंच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना नवा मॅनेजर आला. म्हणाला, हवा गळते, कॉम्प्रेसर दिवसभर कोकलतो, सगळे ॲक्चुएटर विजेच्या मोटरचे लावा. त्यात खोटं काही नव्हतं. पाण्याच्या, रंगाच्या व्हॉल्व्हसाठी यांनीच हसत सह्या दिल्या. अडले ते वाफेपाशी. "साहेब, लाइन गेली का तुमची मोटर हाये तिथंच थांबते. व्हॉल्व्ह उघडा, वाफ चालू. मी नाही करत सही." मॅनेजर तापला. सही करा, नाहीतर स्टोअरमध्ये बसा, म्हणाला. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन स्टोअरमध्ये जाऊन बसला! अख्खा प्लांट चालवणारा माणूस आठ महिने गंजके नटबोल्ट निवडत होता. बायकोच्या ताई रडल्या, सासरच्यांनी वेड्यात काढलं. मीसुद्धा चिडून विचारलं, "एका सहीसाठी काहून एवढा हट्ट?" तर म्हणाले, "भाऊ, त्या नळाखाली मानसं उभी रायतात. मी घरी जाईन, ते तिथंच रायतीन." सही झाली नाही, व्हॉल्व्ह तसाच राहिला, आणि साडभाऊ निरोपाच्या हाराशिवाय घरी आले.

परवा कळमन्याच्या बाजारात संत्री घेताना त्यांच्या हाताखालचा जुना फिटर भेटला. त्यानं सांगितलं की तो हवेवरचा ॲक्चुएटर भंगारात गेला, विजेचा बसला. मग त्यानं पुढचं सांगितलं. ते ऐकून रविवारी मी साडभाऊंना बोलावून घेतलं. ते चार मजले चढून आले. मी त्यांची धाप ओसरू दिली आणि सांगून टाकलं, वाफेवरचा तो हवेचा गेला, विजेचा बसला. ताकाचा ग्लास त्यांच्या ओठांशी थांबला. मी घाईघाईनं म्हणालो, "पण ऐका! त्याच मॅनेजरनं ऑर्डरवर पहिली अट स्वतःच्या हातानं लिहिली, लाइन गेली तर व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. मोटर विजेची आहे, पण आत स्प्रिंग आहे."

"स्प्रिंग देली?"

"दिली."

"मंग हवा असो का बिजली, मले काय करायचं हाये!" असं म्हणून त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ घाम पुसत राहिले.

निघताना मी न विचारताच लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. त्यांनी आत डोकावून छताकडे पाहिलं. "याले स्प्रिंग हाये का?"

"माहीत नाही."

"मंग रायू द्या."

एरवी मी लिफ्टनं खाली जाऊन हसत त्यांची वाट बघतो. या वेळी त्यांच्याबरोबर जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर ते दम घ्यायला थांबले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो इतका हलका झाला होता की ठेवलेला मला आधी कळलाच नाही.