छातीवरचे चौतीस दिवस

“मुलगी आहे. वजन एक किलो तीनशे ग्रॅम. आईचं आत्ताच काही सांगता येत नाही.”

डॉक्टर मॅडमनी ही तीन वाक्यं एका दमात सांगितली तेव्हा मी अमरावतीतल्या एका दवाखान्याच्या जिन्याखाली उभा होतो. पहिल्या वाक्याला आलेलं हसू तिसऱ्या वाक्यापर्यंत तोंडावर तसंच राहून गेलं. मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “रफीकभाऊ, ऐकलंत ना?”

मी चांदूर बाजारात शिलाईकाम करतो. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, लग्नसराईत एखादी शेरवानी. माझी बायको नसीम तुरपाई आणि काज-बटण करते. तिला सातवा संपून आठवा लागला होता. आठ दिवसांपासून तिचे पाय सुजत होते, अंगठी बोटातून निघत नव्हती. आम्हाला वाटलं, पहिलटकरणीचं असं होतच असेल. त्या सकाळी ती म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पाणी आणायला मी उठलो, तेवढ्यात ती मशीनवर कोसळली आणि तिला झटके सुरू झाले.

याला एक्लॅम्पसिया म्हणतात. पोटुशी असताना रक्तदाब एकदम वाढतो आणि त्याचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. तुमच्या घरात कोणी पोटुशी असेल आणि सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही दिसलं, तर वाट पाहू नका. आम्ही पाहिली, म्हणून सांगतो.

नसीम आयसीयूत बेशुद्ध होती. मुलगी एक मजला वर, लहान बाळांच्या वॉर्डात. मी दिवसभर जिना चढायचो आणि उतरायचो. मुलीला वॉर्मरवर ठेवलं होतं. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा पाळणा. एका पाळण्यात तीन बाळं होती. माझी कोणती, ते पायाला बांधलेल्या पट्टीवरून ओळखायचं. तिची मांडी माझ्या अंगठ्याएवढी होती. मी माप घेणारा माणूस, नजरेनेच छाती-कंबर सांगतो. तिच्यासाठी माझ्याकडे कुठलंच माप नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरनी मला बोलावलं. बोलायला फटकळ बाई.

“नसीमले उठायले अजून आठ दिवस लागतील. वॉर्मर भरून हाये. तुमी हात धुवा, नखं कापा अन् शर्ट काढा.”

“मी?”

“मंग कोन? बाप हाये ना? छाती हाये ना?”

याचं नाव कांगारू केअर. बाळाला नुसतं लंगोट-टोपी घालून उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून कापडाने बांधायचं. आईच्या किंवा बापाच्या अंगाची ऊब बाळाला मिळते. काही तासांची नाही, दिवसचे दिवस. बाळांच्या वॉर्डात आयाच राहायच्या, त्यांच्यात पुरुष कसा बसवायचा, म्हणून सिस्टरनी कोपऱ्यात पडदा लावला आणि मागे एक खुर्ची दिली.

तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा वजन असं जाणवलंच नाही. कापसाची मूठ ठेवावी तसं. मग थोड्या वेळाने तिने तोंड वळवलं आणि कान माझ्या काळजावर टेकवला. मी श्वास सोडायलाही घाबरत होतो. सिस्टर पडद्याबाहेरून म्हणाल्या, “श्वास घ्या भाऊ. तुमचं पाहूनच ते घेते.”

मला ती बोलायची पद्धत वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की ते खरंच होतं. अचानक छातीवरची हालचाल थांबली. ओठ निळसर झाले. मी ओरडलो. सिस्टर धावत आल्या, तिच्या तळपायावर बोटाने टिचकी मारली, आणि तिने दचकून श्वास घेतला. याला ॲप्निया म्हणतात. दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ श्वास घ्यायचं विसरतं. त्या आठवड्यात ती पाच वेळा विसरली. पाचव्या वेळी सिस्टर यायच्या आधीच मी टिचकी मारली होती. माझ्या पोटाच्या वरखाली होण्याबरोबर तिचं पोट वरखाली व्हायला लागलं, तसं माझे डोळे भरून आले. एवढं मोठं काम माझ्या हातून याआधी कधी झालं नव्हतं. आणि मी नुसता बसून होतो.

कापड मात्र सारखं सुटायचं. साडीची पट्टी खाली घसरायची, बाळाची मान वाकायची. पाचव्या दिवशी मी अम्मीला चांदूर बाजारहून जुनं सुती कापड आणायला सांगितलं आणि दवाखान्याजवळच्या एका टेलरच्या मशीनवर पट्टा शिवला. मानेखाली दुमड, बाजूला चार बंद. सिस्टरनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “असे आनखी शिवा.” त्या दोन-तीन वर्षांत कापसाने अख्ख्या वऱ्हाडाला रडवलं होतं. ईद-दिवाळीलाही लोक कपडे शिवत नव्हते. दुकानात कुठलंच काम अडलेलं नव्हतं. मी आठ पट्टे शिवले.

त्यातला एक वनिताताईला दिला. ती मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली, रोजमजुरी करणारी. पडद्याच्या पलीकडची खाट तिची. तिची मुलगी पायल एक किलो सहाशे. मी म्हणालो, “तुमचंही आठव्यात झालं का?”

“नाही भाऊ. दिवस भरले होते. नऊ महिने नऊ दिवस.”

मला कळेना. पूर्ण दिवसांचं बाळ एवढं लहान कसं? दुपारच्या राउंडला मी मॅडमना विचारलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसून सांगितलं. “तुमची मुलगी लवकर आली म्हणून लहान आहे. तिची वेळेवर आली, तरी लहान आहे. हिमोग्लोबिन सहा होतं आईचं. म्हणजे अंगात रक्त निम्मंच. शेवटच्या आठवड्यापर्यंत शेतात वाकून काम. पोटातल्या पोटात बाळाला पुरलंच नाही.” उठताना म्हणाल्या, “या वर्षांत बाहेरून खूप लोक येतात, गावात कुठल्या शेतकऱ्याने जीव दिला ते विचारतात. जन्मलेल्याचं वजन मला अजून कोणी विचारलेलं नाही.”

आणि या बाईला, जिच्या अंगात रक्त निम्मंच होतं, दूध भरपूर होतं. नसीम एव्हाना शुद्धीवर आली होती, पण तिला दूध उतरत नव्हतं. एका सकाळी वनिताताई पडद्याजवळ येऊन म्हणाली, “भाऊ, मले लय दूध येते. पायलले पुरून उरते. तुमच्या पोरीले देतो, चालन का तुमाले?”

मी अम्मीकडे पाहिलं. अम्मी जुन्या वळणाची. तिने वनिताताईच्या डोक्यावर हात ठेवला. “बेटी, चलने का क्या पूछती? आजसे ये दोनों दूधबहना हुई.” सिस्टरनी वनिताताईच्या रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि हो म्हणाल्या. सात दिवस माझी मुलगी, सना, वाटी-चमच्याने तिचं दूध प्याली. आठव्या दिवशी नसीमला दूध आलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी वनिताताई घरी जायला निघाली. मॅडमनी अजून दोन आठवडे थांबायला सांगितलं. पण घरी दोन लेकरं होती, नवरा कामाला सुरतेकडे गेलेला, आणि कापसाची वेचणी सुरू झाली होती. पट्टा तिने अंगावर बांधूनच नेला. जाताना सिस्टरना विचारलं, “वेचताना बांधून ठेवू का इले?” सिस्टरनी पट्ट्याचे चारही बंद पुन्हा घट्ट आवळून दिले.

ती अकरा दिवसांनी परत आली. दुपारचे दोन वाजले होते. नसीम आता सनाला छातीवर घेऊन खाटेवर बसायची, मी शेजारी. वनिताताईला हुडहुडी भरून ताप होता, तिच्या सासूने पायलला लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. “लेकरू लय शांत हाये,” सासू म्हणाली. “दोन दिस झाले, रडतच नाही.”

सिस्टरनी पायलच्या तळपायाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. हायपोथर्मिया. बाळ थंड पडलेलं. थंड पडलेलं बाळ रडत नाही, कारण रडायलाही ताकद लागते. हे लक्षात ठेवा. लहानगं बाळ उगाच शांत झालं तर आनंद मानू नका, त्याचे पाय चाचपा.

वॉर्मर भरलेला होता. वनिताताईला उभं राहवत नव्हतं. सासू म्हातारी, हाडांची. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूकडे पाहिलं.

“बाप नाही ना इथं,” म्हातारी म्हणाली. “तुमी घ्या, भाऊ.”

मी शर्ट काढला. पायल छातीला लागली तेव्हा मला ओला दगड ठेवल्यासारखं वाटलं, काटा आला. वरून पट्टा, त्यावर घोंगडी. मॅडमनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, नळीतून साखरेचं पाणी. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावायच्या आणि आकडा लिहायच्या. नसीमने सनाला धरूनच खाट माझ्याजवळ सरकवली.

दीड तासाने माझ्या छातीवर काहीतरी खरवडलं. नख होतं. मग तोंड इकडेतिकडे फिरायला लागलं, दूध शोधत. मग ती रडली. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण अख्ख्या वॉर्डाने ऐकला. सिस्टर मागे वळून औषधांचं कपाट लावत बसल्या. लावलेलंच कपाट.

माझ्या अंगात ही ऊब जन्मापासून होती. तिचं काय होऊ शकतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

चौतिसाव्या दिवशी आम्ही सनाला घरी नेलं. वजन एक किलो आठशे. पायल त्यानंतर दहा दिवसांनी घरी गेली. पण वर्षभरात पायल आणखी तीनदा भरती झाली. दोनदा न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसात कफ होऊन श्वास लागणं, आणि एकदा जुलाब. सना एकदाही नाही. मी मॅडमना विचारलं, असं काहून? त्या म्हणाल्या, “इथं मी दोघींना सारखंच औषध दिलं. इथून बाहेर पडल्यावर दोघींकडे सारखं काय होतं, तुम्हीच सांगा.”

आमच्या घरात नळ होता, अम्मी होती, नसीमला बाहेर कामाला जावं लागत नव्हतं. एवढ्याशा गोष्टी मी कधी मोजल्याही नव्हत्या. आम्हीही काही सुखवस्तू नव्हतो. पण वनिताताईच्या मानाने आम्ही किती वर उभे आहोत, हे मला त्या दोन पोरींनी दाखवलं.

चौदाव्या महिन्यात दोघींना एकाच दिवशी तपासणीला बोलावलं होतं. सना ओपीडीच्या व्हरांड्यात पळत होती. पायल अजून धरूनही उभी राहत नव्हती आणि मॅडमना त्याची काळजी होती. वनिताताई बाकावर बसली होती, मी तिच्या बाजूला. पायल खाली फरशीवर.

तिने माझ्या पायजम्याचं कापड मुठीत धरलं. मला वाटलं, खेळते. मग कापड ताणलं गेलं. दुसरी मूठ थोडी वर आली. गुडघे थरथरत होते, ओठ दाबलेले, कपाळावर आठी. पोरगी फरशीवरून स्वतःला वर ओढत होती.

“हलू नका, भाऊ,” वनिताताई अगदी हळू म्हणाली.

मी हललो नाही. आतून आमचा नंबर पुकारला. मग परत पुकारला. कोणीच उठलं नाही.