काकू पंक्चर कसं शोधते

आमच्या इमारतीत अशी बातमी होती की माझी काकू सायकलच्या पाप्या घेते.

बातमी काढली तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी. त्या तोंडात टाचण्या धरून बोलतात. "जिन्याखाली बसलेली गं, डोळे मिटलेले, चाकातली ती ट्यूब अश्शी तोंडाशी... मला बाई बघवेना!" बघवेना म्हणतात, पण बघितलं मात्र शेवटपर्यंत.

पाप्या वगैरे काही नाही. काकू पंक्चर शोधत होती. ट्यूब फुगवायची, वरचा ओठ जिभेने ओला करायचा आणि ट्यूब ओठाजवळून हळूहळू फिरवायची. जिथे गार लागेल तिथे भोक. डोळे मिटायचे ते लक्ष उडू नये म्हणून. मी हे समजावून सांगितलं, तर शिंपीणबाईंनी टाचण्या काढल्या आणि विचारलं, "आमचे हे तर कानाशी धरतात. फुस्स ऐकू येतं की!"

मी विषय बदलला. कारण पूर्वी काकूही कानाशीच धरायची.

काकू बाटल्या भरण्याच्या कारखान्यात आहे. धुतलेल्या बाटल्या पट्ट्यावरून येतात, मागे दिवा असतो, आणि तडा गेलेली बाटली दिसली की काकू ती उचलून बाजूला टाकते. दिवसभर काचेवर काच आपटत असते. कारखाना गावाबाहेर, तिच्या पाळीला बस नाही. म्हणून सायकल. माझ्या जन्माआधीपासून ती त्याच सायकलवर जाते, आणि त्या सायकलला तिने दुकानदाराचा हात कधी लागू दिलेला नाही. निघताना दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघणार, ब्रेक आवळून सायकल पुढे ढकलून बघणार. मागचं चाक उचलून पेडल फिरवणार, मान तिरकी करून ऐकणार आणि जाहीर करणार, "साखळी कोरडी पडली. कालपासून कुरकुरतेय बिचारी." सासूची खबर द्यावी तसं.

तिची नक्कल मी फार लहानपणापासून करते. "सारखं सारखं सायकलशी काय खेळतेस?" यातला एकेक स तिच्या दातांतून वाफेसारखा यायचा. एकदा आईसमोर केली. आई हसली, मग हसता हसता थांबली. म्हणाली, "छान जमलीय. पण ही जुनी काकू. आता ती अशी कुठे बोलते?"

मी कान देऊन ऐकायला लागले. आईचं बरोबर होतं. काकूच्या स ची धार गेली होती. आवाज चढला होता. आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्याला ती "काय?" म्हणून आधीच हसून घ्यायची, म्हणजे समोरचा विनोद करत असेल तर चुकायला नको. मी नवी काकू करून बघितली. अगदी हुबेहूब जमली, आणि मला काही हसू आलं नाही.

जिन्याखाली ती साखळी पुसत होती तेव्हा मी मागून हळूच हाक मारली. तिने मान वळवली नाही. मी समोर जाऊन बसले.

"कधीपासून गं, काकू?"

तिने फडकं खाली ठेवलं. "जाड आवाज येतात. बारीक गेले. पाखरं गेली, शिट्टी गेली. डॉक्टर म्हणाले, बाटल्यांनी खाल्ले. कानाला यंत्र लावून बघितलं, तर त्यात पण बाटल्याच मोठ्या होऊन येतात."

"काकांना सांगितलंस?"

"सांगितलं तर सायकल बंद होईल." एवढंच म्हणाली. मग मागचं चाक उचललं, पेडल फिरवलं आणि तळवा सीटवर सपाट ठेवला. साखळीची कुरकुर ती आता हाताने घेत होती.

काकांना कळायचं ते कळलंच. मागून एका स्कूटरवाल्याने पीं पीं केलं, काकू खड्डा चुकवायला नेमकी त्याच्याच बाजूला वळली आणि पडली. कोपर सोलून निघालं. तो माणूस वाईट नव्हता, तिला घरापर्यंत घेऊन आला, पण घाबरलेला होता. दारातच ओरडला, "किती हॉर्न द्यायचा माणसाने? बहिऱ्या आहात का तुम्ही?"

काकू त्याच्या ओठांकडे बघत होती. म्हणाली, "हो."

काका आतल्या दारात उभे होते. त्यांनी स्कूटरवाल्याला पाणी दिलं, काकूचं कोपर धुतलं, मग खाली जाऊन सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

काकू पायी जायला लागली. अंधारात निघायची, अंधारात परत यायची. पाय सुजायचे. आल्यावर दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत. माझे काका घसा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नाहीत. त्या दिवसांत नुसतंच खाकरणं ऐकू यायचं, पुढे वाक्य नसायचं.

एका संध्याकाळी काकूने पिशवीतून गोल आरसा काढून टेबलावर ठेवला. हँडलला लावायचा. "अहो, किल्ली द्या."

"खं... आरशाने काय होणार? मागचं दिसेल, ऐकू येईल का?"

"दिसलं म्हणजे झालं."

"आणि नाही दिसलं म्हणजे? मी इथे काय करायचं, घड्याळ बघत बसायचं?" काकांचा आवाज फाटला. मी तो आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि त्याची नक्कल मी करणार नाही.

मला काकांचंच पटत होतं. म्हटलं, "काकू, मी तर आरामात येईन तुझ्या शेजारी, तुला पत्ता नाही लागणार."

"लाव पैज," काकू म्हणाली. "कारखान्यापर्यंत तुझ्या सायकलवर मागून ये. एकदा जरी मला न कळता बरोबरीला आलीस, तरी सायकल विकून टाका. तू मागे दिसलीस की मी डावा हात वर करीन. आणि हरलीस तर वर्षभर इमारतीतल्या सगळ्या साखळ्या तू धुवायच्या."

काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. हात मात्र लगेच उचलला नाही.

सकाळी निघालो. आरसा उजव्या बाजूला होता, हे मी आधीच हेरून ठेवलेलं; डावी बाजू शेवटासाठी राखली. बाजाराच्या वळणावर उजवीकडून गेले, हात वर. पुलावर एका टेम्पोच्या आडून गेले, टेम्पो पुढे सरकला, हात वर. मग कारखान्याच्या सरळ रस्त्यावर मी अगदी डावीकडे, मातीच्या कडेने, श्वास रोखून जवळ गेले. आरशात मी येणं शक्यच नव्हतं. तरीही हात वर!

ऊन आमच्या पाठीवर होतं. माझी सावली माझ्याआधी तिच्या पुढे जाऊन पोचली होती.

पुन्हा प्रयत्न करायला मी मागे राहिले, तर सायकल जड लागायला लागली. मला वाटलं दमले. काकू पुढे गेली होती ती थांबली, वळून आली.

"उतर. मागचं चाक बसलंय तुझं. आरशात डुलताना दिसलीस."

त्या रस्त्याच्या कडेला काचा असतातच. काकूने पिशवीतून पान्हा आणि टायर उचकटायच्या दोन पट्ट्या काढल्या. "कर. मी बघते." मी ट्यूब काढली, पंपाने फुगवली, कानाशी धरली. मागून ट्रक जात होते, काही कळेना. काकूने ट्यूब घेतली, डोळे मिटले, फिरवली आणि एका जागी बोट ठेवलं. मी तिथे घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर घालून वाळवलं, पॅच दाबला आणि घाईने ट्यूब आत कोंबायला लागले. तिने माझ्या हातावर चापट मारली.

"जिने भोक पाडलं ती कुठाय?"

टायरच्या आतून तिने सावकाश बोट फिरवलं. काचेची टिकली निघाली, तांदळाएवढी. तशीच राहिली असती तर चार पावलांत चाक पुन्हा बसलं असतं.

फाटकापर्यंत मला एकदाही तिच्या बरोबरीला जाता आलं नाही. भोंगा झाला. तो जाड आवाज, तिला ऐकू आला. आत जाताना तिने मागे न बघता पुन्हा एकदा हात वर केला.

घरी काका गॅलरीतच उभे होते. मी सगळं सांगितलं, सावलीचंही.

"खं... आणि ढग आले म्हणजे?"

संध्याकाळी त्यांनी काकूला हेच विचारलं, तिच्यासमोर उभं राहून, तोंड दिसेल असं.

"मग मान वळवीन," काकू म्हणाली. "मान आहे मला."

काकांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. भीती गेली नव्हती, चेहऱ्यावर दिसत होती.

रविवारी मी जिन्याखाली रॉकेलचा डबा आणि जुना ब्रश घेऊन बसले. शिंपीणबाईंच्या ह्यांची साखळी झाली, दूधवाल्याची झाली. दूधवाला इमारतीत राहत नाही, पण पैज त्याच्याही कानावर गेली होती. काकू वरून बजावत होती, "सांध्यासांध्यातून ब्रश फिरव, वरवर नको!" तेवढ्यात काका माळ्यावरची स्वतःची सायकल खांद्यावर घेऊन उतरले. दोन्ही चाकं बसलेली, साखळी गंजून लालभडक. ती त्यांनी माझ्यासमोर उभी केली.

"खं... ही पण घे. उद्यापासून सकाळी मी तुझ्या काकूच्या मागून जाणार आहे."