शहापुरातली भाड्याची खोली

मालकिणीनं आमच्या भांड्यांना हात लावला नाही. काठीनं ढकलत एकेक उंबऱ्याबाहेर काढलं. तांब्या गल्लीत घरंगळत गेला. पिठाचं मडकं फुटलं. मग तिनं खोलीत गोमूत्र शिंपडलं. कालपर्यंत ह्याच खोलीत बसून ती माझ्याकडून डोकं चोळून घ्यायची.

मी पोटुशी होते. भिंतीला टेकून उभी. शेजारचे हातमाग थांबले होते. सगळी गल्ली बघत होती.

माझा नवरा लढाईवरून, समुद्रापलीकडच्या बसऱ्याहून परत आला आणि बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या गुदामात कामाला लागला. आमचं गाव सदलग्याकडं. रोजचं येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. शहरात तर खोल्या मिळत नव्हत्या. पगारदार माणूस दिसला की मालक भाडं चढवून सांगायचे. कॅम्पाजवळचं आम्हाला झेपलं नाही, म्हणून शहापुरात विणकरांच्या गल्लीत खोली घेतली. मालकानं खाकी डगला बघितला, भाडं घेतलं. जात विचारली नाही.

त्या दिवशी माझा बाप मला बघायला आला. आप्पा. पोटुशी लेकीसाठी फडक्यात शेंगा-गूळ बांधून. मालक कट्ट्यावर बसला होता. आप्पा आपसूक वाकला.

"जोहार, मायबाप."

महारानं घालायचा रामराम, जन्माची सवय. मालक ताडकन उठला. "कुणाकडं आलास रं?"

"लेकीकडं जी."

एवढंच. तेवढ्यानं आमचं घर गेलं.

भांडी बाहेर आल्यावर मालक जरा निवला. खोली रिकामी म्हणजे भाडं बुडालं. म्हणाला, "मागं गोठा मोकळा हाय. तितं ऱ्हावा. म्होरल्या दारानं यायचं न्हाय, आडाला शिवायचं न्हाय. भाडं हाय तेवढंच."

आप्पानं हात जोडले. "लई उपकार झालं, मायबाप. ऱ्हातील पोरं."

मालकाच्या शिव्या मी सोसल्या होत्या. बापाचे ते जोडलेले हात सोसवेनात. मी ते धरून खाली केले.

"तितं गुरं बांधा," मी मालकाला म्हणाले. "आमी माणसं हाय."

तो काठी घेऊन धावला. मी आप्पाचा हात सोडला नाही.

नवरा येईपर्यंत आम्ही अनगोळच्या वाटेवर चिंचेखाली बसलो. आप्पा पुन्हा पुन्हा म्हणायचा, "माज्यामुळं झालं गं. माजी जीभ जळू दे."

"तुज्यामुळं न्हाय, आप्पा."

त्याला ते पटलं नाही. पुन्हा तो बेळगावला आलाच नाही. मला मुलगी झाली, निरोप धाडला, तरी आला नाही. आपल्या पायानं लेकीचं घर मोडतं, हे त्यानं मनात धरलं. नातीचं तोंड न बघता गेला. खोली पुढं दुसरी मिळाली. बाप कुठनं आणू?

त्यानंतर खोली बदलायची वेळ आली की बघायला मीच जाऊ लागले, मुलीला कडेवर घेऊन. दारातच मोठ्यानं सांगायची, "आमी महार. भाडं वेळेवर दिऊ. पावणं म्होरल्या दारानं येतील." माझ्या तोंडावर दारं आपटली. लई आपटली. अजून आपटतात.

आपटू देत. उघड्यावर राहीन. पण ज्या घरात माझ्या माणसाला ताठ मानेनं येता येत नाही, ते घर मी भाड्यानं घेणार नाही. फुकट दिलं तरी घेणार नाही.