आरामाचे बूट

दुपारचे अडीच वाजलेत. जेवण अंगावर आलंय, डोळे मिटतायत, पण राग काही केल्या झोपत नाही. उशाशी भाषांतराच्या एजन्सीनं पाठवलेला कागद आहे. त्यावर सही करायची, फोनवर फोटो काढायचा आणि पाचच्या आत तिथल्या निनाद पोतनीसला धाडायचा. कागद चांगला पानभर आहे, पण त्यातलं कामाचं वाक्य एकच : भाषांतरातला हा बदल कैलासवासी कुंदा रायरीकर यांनी मला न सांगता केला.

सही केली की मी सुटले. ऑस्ट्रियातल्या त्या खोऱ्याच्या पर्यटन कार्यालयाचं काम माझ्याकडेच राहील. नव्या माहितीपत्रकावर भाषांतरकार म्हणून एकट्या माझं नाव छापतील, कुंदाताईंचं काढून टाकतील. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो मॅडम, असं निनाद फोनवर म्हणाला. करणारच आहे मी सही. जरा पाठ टेकते आणि मग करते.

पंखा कुरकुरतोय. शेजारच्यांची भांडी वाजतायत, मग लांब कुठंतरी वाजतायत, मग ती भांडी आहेत की आणखी काही ते कळत नाही. माझा उजवा पाय एकदम दचकतो, पायरी चुकल्यासारखा.

आणि समोर कुंदाताई. कर्वेनगरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून मटार सोलतायत. त्यांना जाऊन अकरा महिने झाले. सोललेले दाणे त्या टरफलांत टाकतायत आणि टरफलं पातेल्यात.

"आलीस? चहा टाक," त्या म्हणतात.

"चहा कसला टाक! तुम्ही काय करून ठेवलंत ते आधी सांगा."

"मटार सोलतेय."

असं बोलायची त्यांची जुनी खोड. मला जर्मन शिकवलं ते याच बाईंनी, आणि पुढं तीस वर्षं आम्ही जोडीनं जर्मनमधून इंग्रजी भाषांतरं केली. हॉटेलांची पत्रकं, रोपवेची वेळापत्रकं, गरम पाण्याच्या कुंडांचे नियम. दोघींपैकी एकीनंही ती कुंडं पाहिलेली नाहीत. पण आमची पद्धत ठरलेली होती. पहिलं इंग्रजी मी लिहायचं. कुंदाताईंनी मूळ जर्मनशी ताडून त्यावर पेन्सिलनं खुणा करायच्या. मग ते त्यांनी भाऊंना मोठ्यानं वाचून दाखवायचं.

भाऊ म्हणजे त्यांचे यजमान, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जर्मनचं अक्षर येत नव्हतं, इंग्रजी कामापुरतं. म्हणूनच ते आमचे परीक्षक. वाचून झालं की कुंदाताई विचारायच्या, "आता इथं जायचंय. पिशवीत काय भराल?" भाऊ म्हणायचे, "स्वेटर, कानटोपी, चार लाडू." मजकूर पास. एकदा बर्फाच्या गुहेची माहिती ऐकून ते "टॉवेल" म्हणाले, तर कुंदाताईंनी मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. गुहा मी गरम पाण्याच्या कुंडासारखी लिहून ठेवली होती.

"ट्रिटझिशरहाइट," मी म्हणते. "आठवतंय ना?"

त्या मान हलवतात. दाणे टरफलांत टाकतच राहतात.

एका डोंगरवाटेच्या माहितीत अगदी शेवटी हा शब्द होता. ट्रिटझिशरहाइट हवी, एवढंच लिहिलेलं. ती म्हणजे दगडगोट्यांच्या अरुंद वाटेवर आपलं पाऊल कुठं पडतंय आणि टिकतंय का, हे पायाला कळणं. तिकडच्या शाळकरी पोरालाही हा शब्द समजतो, आणि ती ज्याच्यापाशी नाही त्यानं खाली हॉटेलात केक खात बसावं हेही समजतं. मी इंग्रजीत 'शुअर-फुटेड' लिहिलं. पर्यटन कार्यालयातल्या बाईंनी कळवलं की हे शेळ्यांबद्दल लिहिल्यासारखं वाटतं, आमच्याकडे पाहुणे येतात, जरा सहज वाटेल असं इंग्रजी करा. आणि शेवटी छापून आलं ते 'कम्फर्टेबल शूज रेकमेंडेड'. आरामाचे बूट घालावेत!

"लीड्सच्या बाई आहेत एक, डॉकरी नावाच्या," मी म्हणते. "एकाहत्तर वर्षांच्या. त्यांनी ते पत्रक वाचलं, आपले सगळ्यात आरामाचे बूट घातले आणि त्या वाटेवरून पडल्या. खुबा मोडला. आता कुबड्या घेऊन चालतात. आणि पत्रात काय लिहिलंय माहितीय? मी तुमची सूचना तंतोतंत पाळली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!"

"ओरडू नकोस. भाऊ झोपलेत."

भाऊ इंदूरला लेकीकडे आहेत, हे मला माहीत आहे. तरी मी आवाज खाली आणते, आणि याचाही मला राग येतो.

"तुम्ही मरून मोकळ्या झालात," मी दबक्या आवाजात म्हणते. "पत्रं मला येतात. निनादचे फोन मला येतात."

"मी काय हौसेनं मेले?" पातेलं बाजूला सारून त्या उठतात. "चल खाली. बघू दे तुझी ती वाट."

त्यांच्या इमारतीचा जिना तोच आहे. पानाच्या पिचकाऱ्या तशाच, पहिल्या मजल्यावरच्यांची सायकल तशीच. कुंदाताई पुढं, मी मागं. डाव्या हाताला कठडा आहे. मग कठडा लाकडी होतो, मग नुसती दोरी, मग तीही नाही. पायऱ्यांवर खडी आहे. माझ्या पायात घरातल्या सपाता. खाली पार्किंग असायला हवं, तिथं खूप खोल एक हिरवी पट्टी दिसते आणि तिच्यात माडीएवढं, छे, काडेपेटीएवढं एक देऊळ. देऊळ नाही, चर्च. वारा गार आहे. कुंदाताईंच्या पायात रबरी चपला आहेत आणि त्या बाजारात निघाल्यासारख्या चालल्यायत.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," वरून भोंग्यातून आवाज येतो. "फलाट क्रमांक सहावरील प्रवाशांनी आपापली पिशवी तपासून घ्यावी."

वळणावर एसटी स्टँडची चौकशीची खिडकी आहे. जाळीमागं भाऊ बसलेत, इस्त्रीच्या खाकी कपड्यांत. कुंदाताई खिडकीशी वाकतात आणि कार्यालयाकडून परत आलेलं माझं वाक्य वाचतात, "शुअर-फुटेड वॉकर्स ओन्ली." मग विचारतात, "आता इथं जायचंय. पिशवीत काय भराल?"

भाऊ त्यांच्याकडे बघतात. अनोळखी बाईकडे सभ्य माणूस बघतो तसं. मग त्यांचे ओठ हलतात.

"आपले ते... आरामाचे बूट."

हे स्वप्नातलं नाही. हे असंच झालं होतं, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, त्यांच्या स्वयंपाकघरात. मी तिथं होते. दोन वर्षं भाऊंना बायकोचं नाव आठवत नव्हतं आणि दिवाळीपासून तर ते एक धड वाक्य बोलले नव्हते. तरी प्रत्येक मजकूर कुंदाताई त्यांना वाचून दाखवायच्याच. उत्तर येत नसे. मग त्या स्वतःच "स्वेटर म्हणताय ना? बरं," असं म्हणून कागद मिटायच्या. परीक्षा कधीच संपली होती. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींना काही म्हणत नव्हतो. त्या दिवशी भाऊ बोलले. कुंदाताईंना हुंदका आवरेना, आणि रडत रडतच त्यांनी माझं वाक्य खोडून वर ते बूट लिहिले.

"ऐकलंस ना?" त्या आता माझ्याकडे वळून म्हणतात. त्यांचा चेहरा त्या दिवशीसारखाच उजळलाय. "बोलले ते!"

"कुंदाताई, मजकूर नापास झाला होता! टॉवेलसारखाच नापास! वाट कड्यावरची आणि भाऊ बूट म्हणतायत, याचा अर्थ माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. ते पुन्हा लिहायचं की भाऊंचं उत्तरच छापायचं?"

"मी कशानं लिहिलं होतं?"

"काय कशानं?"

"बूट. शाईनं की पेन्सिलनं?"

"पेन्सिलनं."

"तीस वर्षं मी पेन्सिल का वापरली गं, सुहास? पटलं नाही तर तुला पुसता यावं म्हणून. टाइप कोण करायचं? शेवटचा हात कोणाचा असायचा?"

"तुम्ही रडत होता."

"हो, रडत होते. आणि खोडरबर काय देवपूजेला ठेवला होतास?"

"तुम्ही रडत होता आणि भाऊ हसत होते! काय करायला हवं होतं मी? नापास म्हणायला हवं होतं त्यांना?"

"मला म्हणायला हवं होतंस!" आता त्याही ओरडतात, आणि त्यांचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. "स्वल्पविरामावरून माझ्याशी आठ-आठ दिवस भांडायचीस. नेमकी त्याच दिवशी जीभ टाळ्याला चिकटली? घरी गेलीस, बूट टाइप केलेस आणि पाठवून दिलंस. आणि आता मला न सांगता म्हणे!"

खरं आहे. महिनाभर मी ज्याला त्याला सांगतेय की कुंदाताईंनी परस्पर केलं. इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. ते बूट मी माझ्या हातानं टाइप केले, चूक आहे हे कळत असताना. मला स्वतःची इतकी चीड येते की मी पाऊल आपटते, आणि सपातेखालची खडी सरकते.

मी पडतेय. खडी माझ्याआधी खाली चाललीय आणि तिचा आवाज थांबतच नाही. तेवढ्यात कुंदाताई माझं मनगट पकडतात. ऐंशीच्या घरातल्या बाईची पकड नाहीच ती. नखं रुततायत.

"पायाकडं बघ!" त्या ओरडतात. "आणि आता लिही. काय लिहिशील?"

"सोडू नका!"

"नाही सोडत. लिही."

"शुअर-फुटेड..."

"शेळी आहेस का तू?"

"स्टेडी ऑन युअर फीट..."

"तू कशी आहेस ते कोण विचारतंय! प्रत्येक म्हातारीला वाटतं आपण धडधाकट आहोत, मलाही वाटायचं. माणसाबद्दल लिहू नकोस. वाट कशी आहे ते लिही."

मी खाली बघते. पहिल्यांदाच नीट बघते. "वाट अरुंद आहे," मी म्हणते. "सुटे दगड आहेत. एका बाजूला सरळ खोल दरी आहे."

"इंग्रजीत!"

"द पाथ इज नॅरो अँड स्टोनी, विथ अ स्टीप ड्रॉप ऑन वन साइड."

"हं. आता ज्याला जायचं तो जाईल, नाहीतर केक खाईल."

"एका शब्दाचं एवढं मोठं वाक्य?"

"त्यांच्या पोरांना तो शब्द येतो. ज्यांना येत नाही, त्यांना दरी दाखवावी लागते." त्या मला वर ओढून घेतात. दोघींनाही धाप लागलीय.

"हे तेव्हा का नाही सुचलं तुम्हाला?"

त्या खिडकीकडे बघतात. जाळीमागं कोणी नाही, नुसतं कंगव्यानं विंचरलेलं एक डोकं टेबलावर टेकल्यासारखं दिसतं आणि मग तेही दिसत नाही.

"मला शब्द नकोच होता तेव्हा," त्या म्हणतात. "मला त्यांचा आवाज हवा होता. त्यांचं काहीतरी कुठंतरी छापलेलं हवं होतं. चुकलं माझं. त्या बाईचा खुबा मोडला, आणि मला तिची माफीसुद्धा मागता येत नाही."

"मला अजून राग आहे तुमचा," मी म्हणते. मला रडू येतंय आणि राग आहेच.

"असू दे की. माझ्यावर काढ. रोज काढ. कागदावर काढू नकोस."

त्यांनी मनगट अजून सोडलेलं नाही. मला त्यांना सांगायचंय की सोडू नका, असंच धरून ठेवा, पण पंखा फार जोरात कुरकुरतोय.

पाचला दहा कमी आहेत. उशी ओली आहे. फोन वाजतोय, आणि तो घ्यायला हात पुढं करते तर उजव्या मनगटावर चार लाल चंद्रकोरी. कातडीत खोल रुतलेल्या, एकीतून बारीकसं रक्त आलंय. मी माझ्या डाव्या हाताची नखं बघते. टाइप करताना अडतात म्हणून ती मी दर रविवारी पार मांसापर्यंत कापते.

फोन थांबतो. मी उठून पेन घेते. कागदावरचं कुंदाताईंचं नाव खोडते, 'मला न सांगता' हे शब्द खोडते आणि वर शाईनं लिहिते : हा बदल मी केला, चूक आहे हे माहीत असताना. त्याखाली डोंगरवाटेचं नवं वाक्य लिहिते आणि मग सही करते. डॉकरीबाईंना पत्र रात्रीच्या आत जायला हवं, तेही मीच लिहिणार आहे. कागदाचा फोटो पाठवल्यावर मिनिटभरात निनादचा फोन येतो.

"मॅडम, हे काय केलंत? असं पाठवलं तर ते काम काढून घेतील तुमच्याकडून."

"घेऊ देत. पण ते वाक्य छापायला लाव. आणि जुन्या पत्रकावर नावं होती तशीच राहतील. त्यांचं आधी, माझं नंतर."

"पण मॅडम, त्या तर आता नाहीयेत."

"म्हणून काय झालं!" मी एवढ्या जोरात ओरडते की फोन धरलेलं मनगट ठणकतं.