मिशी येईपर्यंत

दाढी करणं मला कधी आवडलं नाही. तीस-पस्तीस वर्षं मी ती नुसती उरकत आलो. डब्यातला तयार फेस फासायचा, प्लास्टिकचं रेझर ओढायचं आणि जळगावच्या ऑफिसची वाट धरायची. त्यामुळे पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने दिवाळीत ब्रश, साबणाची वाटी आणि एका पात्याचं जड रेझर असा संच आणला, तेव्हा मी त्याची टर उडवली. "हे तर आम्ही कधीच भंगारात दिलं," म्हटलं. तो म्हणाला, "पप्पा, आता पोरं परत याच्याकडेच वळताहेत. पाच वर्षांनी बघा." त्याच्या मित्रांचा एक ग्रुप आहे म्हणे, त्यावर कुणाचा फेस किती दाट झाला याचे फोटो टाकतात. रिकामटेकडे लेकाचे! मग मी सहज साबणाचं झाकण उघडलं. त्या वासाने मला नानांची अशी काही आठवण आली की मी बाथरूममधल्या स्टुलावर तसाच बसून राहिलो. गंमत म्हणजे नाना तेव्हा हयात होते. धुळ्याला, देवपुरात, एसटीने काही तासांवर.

नाना म्हणजे माझे वडील. गिरणीत होते. एक दिवसाआड सकाळी ते मागच्या दारी पाटावर बसायचे, खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचे आणि ब्रश कोमट पाण्यात भिजत घालायचे. नंतरचा अर्धा तास त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. आधी सुलटा हात, पुन्हा फेस, मग उलटा हात, शेवटी तुरटी. रिटायर झाल्यावरही त्यांचा हा नेम चुकला नाही. चुकला तो हात थरथरायला लागल्यावर. गल्लीतला सलूनवाला घरी येऊन मशीन फिरवून जायचा, पण ती दाढी नानांना दाढी वाटायची नाही. गालावर खुंट राहतात म्हणून त्यांनी ओट्यावर बसणंच सोडलं होतं.

स्टुलावर बसल्या बसल्या मी ठरवलं की नानांची दाढी आपण करायची. त्यांच्या पद्धतीने, आपल्या हाताने, ते आहेत तोवर. आमच्याकडे बापलेक एकमेकांना मिठी मारत नाहीत. सणासुदीला पाया पडायचं, एवढाच काय तो स्पर्श. नानांच्या गालाला मी शेवटचा हात कधी लावला होता, ते मला आठवेना.

मग मी स्वतःच्या तोंडावर शिकायला लागलो. मुलगा फोनवरून सूचना द्यायचा. पंधरा दिवसांत हनुवटी सोडली तर बाकी बरं जमलं. आणि निघायच्या दिवशीच सकाळी घाईत रेझर सटकलं आणि मिशीचं डावं टोक उडालं. दोन्ही बाजू सारख्या करता करता माकडाच्या लोण्यासारखी गत झाली. शेवटी सगळीच काढून टाकली आणि पारोळ्यामार्गे जाणारी बस पकडली.

घराच्या कोपऱ्यावर शेजारची अक्का दळण घेऊन येत होती. तिने माझं तोंड पाहिलं आणि डबा खाली ठेवला. "नाना कवय गयात रे भाऊ?" म्हणत पदर डोळ्याला लावला. नाना कधी गेले असं ती विचारतेय, हे कळलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे बाप असेपर्यंत कुणी मिशी काढत नाही. काढायची ती बापाच्या दहाव्याला. एवढं शहरी मला व्हायला नको होतं.

आतून नानांचा आवाज आला, "मी आठेच शे! जित्ता शे आजून!"

मी आत गेलो. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "बाप जित्ता शे ना आजून, आनि तू मिशी काढीसन उना?" मी पिशवीतून ब्रश काढून दाखवला, कशासाठी काय झालं ते सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "मिशी येवू दे. मंग ये."

मीही त्यांचाच मुलगा. नको तर नको, म्हणून आल्या पावली परतलो. पुढचे तीन रविवार गेलो नाही. फोनवर ते मिशी किती आली एवढंच विचारायचे आणि मी "येतेय" म्हणून फोन बायकोच्या हातात द्यायचो. ते तीन रविवार मला आजही परत हवे आहेत.

चौथ्या रविवारी गेलो. नानांनी मला जवळ बोलावलं आणि थरथरतं बोट माझ्या ओठावरून दोनदा फिरवलं. "उनी. लाव आते साबन."

मी फेस लावला. त्यांचा गाल इतका मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. डाव्या हाताने कातडी ताणून धरली, तर खाली जबड्याचं हाड लागलं. माझाच हात जड पडत होता. "दाबू नको, पातं त्यानं काम करस," ते डोळे मिटून म्हणाले. उलट्या हाताच्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं आणि कोन दाखवला. अर्ध्या तासाने ते काठी टेकत ओट्यावर जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हाका मारू लागले. मी आत भांडं विसळत रडलो, त्याची मला लाज नाही.

अशा अकरा दाढ्या झाल्या. मग नाना गेले. दहाव्याला पांझरेच्या काठी न्हाव्याने माझं डोकं आणि मिशी उतरवली. अक्का घरी येऊन रडली, पण या वेळी तिने काही विचारलं नाही.

मुलगा म्हणतो ते खरं ठरेलही. ब्रश विकले जातील, वाट्या विकल्या जातील, पोरांना सकाळचा अर्धा तास पुन्हा गोड लागेल. मलाही लागतो. एक दिवसाआड मी दोन्ही हात फिरवतो आणि तुरटी लावतो. मिशी आता पहिल्यासारखी भरून आली आहे. ती ठेवली काय नि काढली काय, आता मला विचारणारं कुणी नाही.